सीबीआयचा (चायना-बर्मा-इंडियाचा) पॅच असली की नकली? आधी उलटा करून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबा युद्धकाळात देवळाली कॅम्पात कारकून होते. त्यांच्या ट्रंकेत, पेन्शनच्या कागदांखाली, जरीकाम केलेली एक छोटी ढाल सापडली. खाली लाल-पांढरे उभे पट्टे, वर निळ्या पट्टीत एक सूर्य आणि एक तारा. ती काय आहे हे शोधता शोधता तुम्हाला अमेरिकन लष्करी पॅच, म्हणजे गणवेशावर शिवायची कापडी चिन्हं, जमवायचा नाद लागला. मग एका विक्रेत्याकडून ‘मेरिल्स मरॉडर्स’ (ब्रह्मदेशात लढलेलं एक अमेरिकन दल) असं लिहिलेला पॅच घेतलात, ‘१९४३ साली देवळालीतच शिवलेला’ या त्याच्या बोलीवर. शिवाय अमेरिकेतून टपालाने तीन डिव्हिजनचे पॅच मागवलेत. आता विचारताय की यातलं अस्सल काय, आणि पुढे जमवायचं तर कसं.

पाचही फोटो पाहिले. पाचही समोरून काढलेत. नवा माणूस समोरूनच बघतो आणि नकली माल करणाराही सगळी मेहनत समोरच घेतो, त्यामुळे दोघांचं छान जमतं. मी सव्वीस वर्षं हे जमवतोय. माझ्या पहिल्या शंभर पॅचमधले निदान तीस मी समोरून बघून घेतले होते. ते आज एका बिस्किटाच्या डब्यात आहेत आणि डब्यावर मी ‘शाळेची फी’ असं लिहून ठेवलंय.

आधी अमेरिकेतून आलेल्या तिघांचं बघू, ते सोपं आहे. दुसऱ्या महायुद्धातले बहुतेक अमेरिकन पॅच सुती धाग्याने, मोठ्या भरतकाम यंत्रांवर ढिगाने निघाले. लांब कापडावर रांगेने भरायचे आणि मग कापून सुटे करायचे. त्यामुळे कड सपाट असते, कापलेली दिसते, आणि तिथे एखाद-दुसरा धागा सुटलेला असतो. जमवणारे याला ‘कट एज’ म्हणतात. आजच्या पॅचला कडेने दोरीसारखा जाड गोट असतो, तो मेरो यंत्राचा. अमेरिकन लष्करी पॅचवर तो सर्रास दिसू लागला साठच्या दशकात. उलटा करून बघितलं तर त्या गोटाचं शेपूट मागे चिकटवलेलं सापडतं. असा गोट असलेला पॅच ‘१९४४ च्या नॉर्मंडीच्या लढाईत घातलेला’ म्हणून कुणी दाखवला तर चहा घ्यावा आणि उठावं.

मात्र कट एज दिसली म्हणजे पॅच युद्धातलाच, असंही समजू नका. पन्नासच्या दशकातले, कोरियन युद्धाच्या काळातले पॅचही तसेच कापलेले असतात. म्हणून मागची बाजू. युद्धकाळातल्या बऱ्याच पॅचच्या मागे बॉबिनचा पांढरा सुती धागा बर्फ पडल्यासारखा पसरलेला असतो, त्याला ‘स्नो बॅक’ म्हणतात. काहींच्या मागे हिरवट धागा असतो, तो ‘ग्रीन बॅक’. मागे प्लॅस्टिकचा थर किंवा इस्त्रीने चिकटवायचा गोंद दिसला, तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

नोटा तपासायचा अतिनील दिवा दोन-चारशे रुपयांत मिळतो, तो घ्या. पॉलिस्टरच्या आणि चमक आणणारी रसायनं घातलेल्या आधुनिक धाग्यावर तो धरला की अंधारात पॅच निळसर-पांढरा पेटल्यासारखा दिसतो. जुना सुती धागा मंद राहतो. पण या दिव्यावर आंधळा विश्वास नको. पॅच लावलेला शर्ट नंतर कुणी टिनोपालमध्ये बुडवून काढला असेल, तर अस्सल सुतीसुद्धा दिवाळीसारखं उजळेल. उलट बाजूने, हुशार नकलाकार आता न चमकणारा सुती धागा वापरतात. दिवा एवढंच सांगतो की ‘अजून चौकशी कर’. मागे लोंबणारा एखादा सुटा धागा सापडला तर तो चिमट्यात धरून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा वास देऊन राख होतो, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. पॅचला काडी लावू नका. हसू नका, लावलेली पाहिली आहे.

तुमच्या तिघांपैकी दोघांच्या कडा फोटोत कापलेल्या वाटतात, तिसऱ्याला गोट स्पष्ट आहे. तिसरा साठच्या दशकाच्या आधीचा असणं कठीण. पहिल्या दोघांच्या मागचा फोटो पाठवा, मग बोलू.

आता मुख्य गोष्ट. वर सांगितलेले निकष अमेरिकन कारखान्यातल्या मालाचे आहेत. तुमच्या आजोबांच्या ढालीला त्यातले निम्मे लागू पडत नाहीत. ती ढाल चायना-बर्मा-इंडिया थिएटरची (थिएटर म्हणजे युद्धक्षेत्र), म्हणजे ‘सीबीआय’ची. सूर्य चीनच्या तेव्हाच्या सत्ताधारी कुओमिंतांग पक्षाचा, तारा ‘स्टार ऑफ इंडिया’, आणि पट्टे अमेरिकेचे. १९४२ मध्ये जनरल जोसेफ स्टिलवेल यांच्या हाताखाली हे थिएटर उभं राहिलं आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये त्याचे दोन तुकडे झाले, एक चीनचा आणि एक भारत-ब्रह्मदेशाचा. घरापासून हजारो मैलांवर आलेल्या या सैनिकांना पॅच हवे होते आणि इथे शिंपी व जरदोजीचे कारीगर हाताशी होते. मग दिल्ली, कराची, कलकत्त्यात लोकरी कापडावर, फेल्टवर, रेशमावर, चामड्यावर हे पॅच होऊ लागले. जमवणाऱ्यांच्या भाषेत ‘थिएटर मेड’. अधिकाऱ्यांना जरीचा फार शौक. प्रत्येक कारीगराची ढाल वेगळी: कुणाचा तारा गुबगुबीत, कुणाचा सूर्य बारा किरणांऐवजी दहाच किरणांवर भागवलेला.

जगात इतरत्र नकली पॅच करणाऱ्याला जुनं यंत्र आणि जुना धागा शोधावा लागतो. आपल्या उपखंडात त्याची गरजच नाही, कारण जे काम १९४४ मध्ये हाताने होत होतं ते आजही हाताने होतं. जरदोजीच्या तारांचा तोच सलमा, तोच दबका, तीच सुई. दिल्लीत होतं, सियालकोटात होतं, आणि जगभरच्या सैन्यांना व क्लबांना जरीचे बिल्ले इथूनच जातात. त्यात गैर काही नाही. नवा पॅच जुना म्हणून विकला की गैर. त्यामुळे ‘हातकाम आहे, म्हणजे जुनं आहे’ हा अमेरिकेतल्या जमवणाऱ्याचा भाबडेपणा आपल्याला परवडत नाही.

मला हे शिकवलं ते येवल्याच्या मावशीने. २००३ च्या सुमारास मी एका दुकानदाराकडून जरीची सीबीआय ढाल साडेचार हजारांना घेतली. त्या वेळी ते माझे दोन आठवड्यांचे पैसे होते. ढाल तपकिरी पडलेली, कडा फाटलेल्या, वर बर्मा रोडवरच्या कुणा ट्रक ड्रायव्हरची लांबलचक कथा. एका लग्नात ती खिशातून काढून मावशीला दाखवली. तिने चष्मा कपाळावर चढवला, ढाल डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, “अरे, ही प्लॅस्टिकची जर आहे. तपकिरी रंग कापडावर आहे, जरीवर कुठेय? जर आपली लखलखतेय.” मग तिने तिच्या सासूची पैठणी आणि स्वतःची नवी, दोन्ही शेजारी पसरून दाखवल्या. तो अर्धा तास मला दहा वर्षांच्या खरेदीपेक्षा उपयोगी पडला.

पैठणीवाले तीन शब्द वापरतात, तेच तुम्ही शिका. असली जर म्हणजे रेशमी धाग्यावर चपटी केलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जर म्हणजे तांब्याच्या तारेवरची. आणि प्लॅस्टिक जर म्हणजे धातूचा लेप दिलेल्या पॉलिस्टरच्या फितीची. शेवटची महायुद्धात नव्हतीच, त्यामुळे ती दिसली की निकाल लागला. भिंगाखाली ती सरळ, चकाकणाऱ्या पट्टीसारखी दिसते आणि काळी पडत नाही. पहिल्या दोन काळवंडतात, पण कशा काळवंडतात ते बघायचं. खरा काळेपणा असमान असतो: घड्यांमध्ये जास्त, उंच भागावर घासून कमी, जिथे बोट लागतं तिथे जरा उजळ. मुद्दाम आणलेला काळेपणा सगळीकडे सारखा बसतो आणि पांढऱ्या ओल्या रुमालावर उतरतो. चहात बुडवलेल्या पॅचला तर वासच येतो. मी आजही पहिल्यांदा वास घेतो, लोक बघत असले तरी.

जरीइतकंच मागचं अस्तर बोलतं. जुन्या हातकामाच्या मागे बहुधा साधा कागद किंवा पातळ सुती कापड असतं, खळीने चिकटवलेलं. कागद पिवळा आणि ठिसूळ झालेला असतो, आणि टाक्यांच्या भोकांभोवती तो फाटतो. नव्या कामात कडक बकरम आणि भरपूर गोंद. पॅच खरंच गणवेशावर होता का, तेही कडेला कळतं. शिवण होती तिथे कापड दबलेलं असतं, सुईची भोकं ओळीत असतात, आणि शिवणीखाली झाकलेल्या पट्टीचा मूळ रंग बाकीच्यापेक्षा गडद राहिलेला असतो. ऊन फक्त समोरून लागतं. समोर आणि मागे रंग सारखाच फिकट असेल तर तो उन्हाने गेलेला नाही, बादलीत गेलाय.

तुमच्या आजोबांच्या ढालीत जर समोरून तरी बरी दिसते. सूर्याच्या किरणांमध्ये काळी, बाहेर राखाडी. ट्रंक तुमच्याच घरातली, मध्ये विक्रेता नाही. मला ती अस्सल वाटते, पण ‘वाटते’ हा शब्द मी मागची बाजू बघेपर्यंत ठेवणार.

मरॉडर्सचं मात्र फोटो न बघताही सांगता येतं, आणि त्यासाठी धागा नको, तारखा पुरतात. ‘लर्लाइन’ हे जहाज या सैनिकांना घेऊन ३१ ऑक्टोबर १९४३ ला मुंबईला लागलं. तिथून ते देवळालीच्या ब्रिटिश छावणीत गेले, सुमारे तीन आठवडे राहिले, आणि नोव्हेंबरातच पुढच्या सरावासाठी देवगडला, मध्य भारतातल्या त्या देवगडला, हलले. आपल्या कोकणातल्या नव्हे. हा घोटाळा मी मराठी लेखांत दोनदा वाचलाय. तोपर्यंत त्यांचं मेरिलशी काही नातं नव्हतं. ब्रिगेडियर जनरल फ्रँक मेरिल यांच्याकडे हे दल आलं जानेवारी १९४४ मध्ये, त्याचं कागदोपत्री नाव ‘५३०७वं कॉम्पोझिट युनिट’, आणि ‘मेरिल्स मरॉडर्स’ हे युद्धवार्ताहरांनी दिलेलं नाव त्यानंतरचं. म्हणजे १९४३ साली देवळालीतल्या शिंप्याला ते नाव पॅचवर भरायला सांगणारा माणूस ज्योतिषीच असायला हवा. निळ्या-हिरव्या चौकोनांची, लाल विजेची, सूर्य-ताऱ्याची ती ढाल युद्धात अधिकृतही नव्हती. दल १० ऑगस्ट १९४४ ला, ब्रह्मदेशातलं म्यितक्यिना शहर पडल्यानंतर आठवड्याभरात, मोडलं गेलं. इतक्या थोड्या काळात, तीनेक हजार माणसांसाठी केलेले पॅच किती असणार, आणि त्यातले देवळालीच्या आसपास किती उरणार? तुमच्याकडचा पॅच कधीचा आहे ते मागून कळेल, पण त्याची गोष्ट खोटी आहे हे आजच कळलंय. पावती असेल तर परत करा.

तारखांची ही युक्ती फार ठिकाणी चालते. ४५व्या इन्फन्ट्री डिव्हिजनचा पहिला पॅच लाल चौकोनावर पिवळं स्वस्तिक होता. अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या मूळनिवासींचं ते जुनं शुभचिन्ह, आपल्यासारखंच. नाझींनी ते चिन्ह बळकावल्यावर १९३९ मध्ये डिव्हिजनने ते बदलून ‘थंडरबर्ड’ पक्षी घेतला. अमेरिका युद्धात उतरली डिसेंबर १९४१ मध्ये. तेव्हा ‘१९४३ च्या सिसिलीच्या लढाईतला स्वस्तिक पॅच’ असं कुणी म्हणालं तर पॅच जुना असू शकेल, वाक्य नाही. आणि याच्या बरोबर उलटा प्रकारही आहे, जो मला फार आवडतो. नॉर्मंडीच्या आक्रमणाच्या सुमारास जर्मनांना चकवण्यासाठी अमेरिकेने अस्तित्वातच नसलेल्या डिव्हिजन कागदावर उभ्या केल्या आणि त्यांचे पॅचही करून घेतले. १४वी, १७वी, २२वी, ४६वी, ५५वी इन्फन्ट्री, ९वी, १८वी, २१वी एअरबोर्न (विमानातून उतरणाऱ्या सैनिकांच्या) आणि आणखी कितीतरी. पॅच खरा, पलटण खोटी. ते अजून वाजवी भावात मिळतात, आणि नव्या माणसाने जमवावेत असं मी नेहमी सांगतो.

भावाचं म्हणाल तर नकली माल तिथेच जन्मतो जिथे भाव असतो. तुम्हाला १०१व्या एअरबोर्नचा गरुड हवाय हे पत्रावरून कळतंय. सगळ्यांनाच हवा असतो. तो आज घेऊ नका. रेंजर्सच्या पट्ट्या, फर्स्ट स्पेशल सर्व्हिस फोर्सचं लाल भाल्याचं टोक, यांच्याही वाटेला जाऊ नका. आर्मी सर्व्हिस फोर्सेसचा निळा तारा, आर्मी ग्राउंड फोर्सेसची तिरंगी चकती, लोकांना फारशा माहीत नसलेल्या डिव्हिजन, हे दहा-पंधरा डॉलरच्या आसपास अस्सल मिळतात, कारण ते इतके निघाले की त्यांची नक्कल करणं कुणाला परवडत नाही. असे पन्नास हाताळा. कापडाचा जाडपणा, मागचा धागा, कडेचा काप बोटांना पाठ होऊ द्या. त्यानंतर गरुड समोर आला की तुमचं बोटच सांगेल.

विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: मागची बाजू, कड जवळून, आणि पट्टीशेजारी ठेवलेला पूर्ण पॅच, तेही दिवसाच्या उजेडात. चांगला विक्रेता लगेच देतो. ‘साहेब, माल एकदम ओरिजिनल आहे, फोटोची काय गरज’ असं उत्तर आलं की फोटोची गरज संपते. एकाच माणसाकडे एकसारखे दहा ‘हाताने शिवलेले’ पॅच असतील तर ते एकाच आठवड्यात शिवलेत. यंत्रावरच्या पॅचला हा नियम लावू नका हं, क्वार्टरमास्टरच्या, म्हणजे लष्करी पुरवठा विभागाच्या, कोठारातून न वापरलेले गठ्ठेच्या गठ्ठे बाहेर आले होते आणि ते अस्सल असतात.

पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार यांबद्दलही तुम्ही विचारलंय. जावं, मजा येते. मला जुन्या बाजारात तेवीस वर्षांत चार अस्सल अमेरिकन वस्तू मिळाल्या, त्यातला एकही पॅच नव्हता. व्हिएतनामला फिरायला जाणार असाल तर हो ची मिन्ह सिटीच्या दान सिन्ह बाजारातून काहीही ‘युद्धातलं’ आणू नका, आठवण म्हणून आणलंत तर ठीक. तिथल्या शिंप्यांनी साठच्या दशकात अमेरिकन तुकड्यांसाठी शिवलेले पॅच फार सुंदर असतात, पण ते काम तिथेही थांबलेलं नाही. आपल्या जरीचीच गोष्ट, फक्त दुसऱ्या देशात.

धातूच्या बिल्ल्यांवर वेगळं लिहावं लागेल. आत्ता एवढंच की युद्धात पितळ-तांबं दारूगोळ्याला लागत होतं म्हणून वैमानिकांचे पंख आणि पुष्कळ बिल्ले स्टर्लिंग चांदीत झाले, आणि मागे तसा ठसा असतो. ठसा कुणीही मारू शकतो. साच्यात दाबून काढलेल्या अस्सल बिल्ल्याची रेघ धारदार असते, ओतलेल्या नकलेची बोथट, आणि भिंगाखाली पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात.

आता जपणूक, कारण आजोबांची ढाल तुम्ही ‘थोडी साफ करून’ फ्रेममध्ये लावणार असं लिहिलंय आणि ते वाचून मी पत्र लिहायला बसलो. ती साफ करू नका. चांदी घासायची पावडर, चिंच, टूथपेस्ट, काही नाही. काळेपणा गेला की निम्मा पुरावा गेला आणि जरीवरचा मुलामाही गेला. धुवू नका, इस्त्री नको, लॅमिनेशन तर नकोच. मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममधले पारदर्शक कप्पे काही वर्षांत चिकट होतात. धुऊन वाळवलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळून, आम्लरहित कागदाच्या पाकिटात, सपाट ठेवा. लोकरीचा आणि फेल्टचा मोठा शत्रू कसर, म्हणून वर्षातून दोनदा उघडून बघा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. डांबरगोळ्या पॅचला थेट लावू नका.

आणि ट्रंकेतल्या त्या पेन्शनच्या कागदांचं काय केलंत? तुम्ही त्यांचा उल्लेख एका ओळीत केलाय. आजोबांचं नाव, हुद्दा, देवळाली, साल, हे ज्या कागदावर आहे तो ढालीपासून वेगळा करू नका. घरात कुणाला त्या अमेरिकनांची एखादी आठवण ऐकून माहीत असेल तर ती सांगणाऱ्याच्या नावासकट आजच लिहून ठेवा, आणि ऐकीव आहे असंही त्यात लिहा.

मग ढाल उलटी करा. मागचा कागद सोलू नका, जिथे तो आधीच फाटलाय तिथेच बघा. कधीकधी कारीगर हाताशी येईल तो छापील कागद लावायचा, तेव्हा अक्षरं दिसतायत का, कोणत्या लिपीत, ते बघा. सकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि पाठवा.